होगली

माझं काम सांगितलं की आत्या विचारते,
"म्हणजे कोण काय बोललं ते ऐकत बसायचं?
आणि त्याला पगार देतात?"
देतात. पुण्याहून, सात तारखेला.

या आठवड्यात निपाणीच्या माडीवर
माझ्याकडे एकच वाक्य आहे.
"लाईट गेली, मी हाय की."
कुणी नवरीच्या फोटोखाली लिहिलंय,
कुणी हरलेल्या मॅचखाली,
एका पोराने स्वतःच्या बारावीच्या निकालाखाली.
रिक्षाच्या पाठीवर तर रंगवूनसुद्धा झालं.
एका इन्व्हर्टरवाल्या कंपनीला ते हवंय
आणि विकत घ्यायच्या आधी
ते कुणाचं आहे ते कळायला हवं.

तर मी वाक्याला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावते,
पदराला पिना लावाव्यात तशी,
शब्द जागचा हलू नये म्हणून.
मग उणे चिन्ह. उणे मॅच. उणे रिक्षा.
मग तारखा. गणपतीच्या आधी.
पंचमीच्या आधी.
कारहुणवीच्या आधी, बैलांची शिंगं रंगवायची होती तेव्हा.
तळाशी जावं तसं पाणी गढूळ.
"हाय की", "हाय कि",
"आहे की" (हे शिकलेल्यांनी दुरुस्त केलेलं),
रोमन लिपीत एकाच "हाय"ची चार स्पेलिंगं,
त्यातलं एक उघडलं तर नुसता नमस्कार,
हुबळीच्या कुणी कुणाला घातलेला.

आणि कन्नडमध्ये,
"करंट होद्रू ना अदीनि."
तेही वीस हजार वेळा. तेही त्याच दिवसांतलं.
खाली भांडण पेटलेलं,
आमचं तुम्ही चोरलं, आमचं तुम्ही चोरलं.
मला त्यात नवं काही नाही,
आमच्याकडे पाटीवरचा रंग वाळायच्या आत होतं हे.
पुण्याचे साहेब फोनवर,
"मूळ कुठलं? एक काहीतरी सांग ना."
रकाना एकच आहे.

सापडलं ते झोपेत.
रात्री दीडला चिन्हं लावायची विसरले,
शब्द सैल सुटले
आणि हा अकरा सेकंदांचा व्हिडिओ.
वडगाव, बेळगाव. बंद पडलेला माग,
वीज मंडळाकडे तक्रार करायला कुणी पोराने घेतलेला.
दिसत काहीच नाही, अंधारच आहे.
एक बायकी आवाज. आणि खाली पोराने
ऐकू आलं तसं टाइप केलेलं,
"लाईट होगली, मी हाय की."

होगली.
गेली नव्हे. जाऊ दे, गेली तर गेली.
मराठीवाल्यांना कानडी शब्द खटकला,
त्यांनी "गेली" केलं.
कन्नडवाल्यांनी "मी हाय की" पुसून आपलं लिहिलं.
आणि "जाऊ दे" तेवढं
दोघांच्याही हातून सांडलं.

शनिवारी बसने गेले.
तानव्वा कोपर्डे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
"कवा म्हटलं गं मी?"
ऐकवलं. परत ऐकवलं.
"हे व्हय! हे तर मी लाईट गेली की म्हणतेच."
कुणाला?
"नातीला म्हटलं असंल, भितीया ती.
न्हाईतर मागाला."
तुमचं वाक्य दोन राज्यांत फिरतंय, मी सांगू लागले,
एक कंपनी आहे, ती पैसे,
तेवढ्यात लाईट आली
आणि बाराच्या बारा माग एकदम बोलायला लागले.
मी ओरडून "पैसे" म्हटलं.
तिने हाताने काहीतरी विचारलं.
चहा, बहुतेक.
मी मान हलवली.

सोमवारी रकाना भरायचाय.
परतीच्या बसमध्ये, यमकनमर्डीच्या अलीकडे कुठेतरी,
जिथे रेंज एक काडी येते आणि जाते,
मी पुन्हा शोधलं,
या वेळी पुरतं, तिच्या तोंडचं, अवतरणात.

निकाल एक.
सात वेळा पाहिलेला.
त्यातले तीन माझे.